विश्लेषण : पीएच.डी.पर्यंत पोहोचलेल्या मुली पुढे जातात कुठे?

निकालाच्या दिवशी ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा आता कुणाला नवा वाटत नाही. विद्यापीठांच्या पदवीदान समारंभात सुवर्णपदकांची यादी वाचली जाते, तेव्हाही मुलींची नावे भराभर येतात. पण त्याच समारंभात व्यासपीठावर बसलेल्यांकडे पाहावे. कुलगुरू, अधिष्ठाते, विभागप्रमुख, व्यवस्थापन परिषदेचे सदस्य यांच्या रांगेत किती महिला असतात? खाली पदक घेणाऱ्या मुलींची रांग आणि वर बसलेल्यांची रांग यांतले अंतर हा आजचा विषय आहे. हे अंतर आपोआप मिटेल, असे गेली अनेक वर्षे सांगितले जाते. ते मिटत का नाही, नियम काय म्हणतात आणि विद्यापीठांना काय करता येईल, ते पाहू.

आकडे काय सांगतात?

केंद्राच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. विज्ञान शाखेत तर मुलींचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक, ५२ टक्क्यांच्या आसपास होते. पीएच.डी.ला नोंदणी केलेल्या महिलांची संख्या २०१४-१५ मध्ये सुमारे ४८ हजार होती; ती सात वर्षांत दुपटीहून वाढून ९८ हजारांच्या पुढे गेली. म्हणजे पीएच.डी. करणाऱ्या दर शंभरांत ४६ महिला. ही मोठी आणि आनंदाची गोष्ट आहे.

आता दुसरा आकडा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये देशात संशोधन आणि विकासाच्या कामात प्रत्यक्ष गुंतलेल्यांमध्ये महिला होत्या १६.६ टक्के. जगाची सरासरी साधारण एक तृतीयांश आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पाहण्यांचे आहेत, त्यांची व्याख्याही एक नाही. त्यामुळे एकातून दुसरा वजा करून ‘इतक्या महिला गळाल्या’ असे म्हणता येणार नाही. पण कल कोणत्या दिशेचा आहे, हे कळायला तेवढी तुलना पुरेशी आहे. दारातून आत येणाऱ्या पुष्कळ आहेत, आत टिकणाऱ्या कमी.

अध्यापकांमध्ये महिला ४३ टक्के आहेत, हा आकडाही दिलासा देणारा वाटतो. मात्र त्यात साहाय्यक प्राध्यापकापासून प्राध्यापकापर्यंत, कला शाखेपासून अभियांत्रिकीपर्यंत आणि कायम नोकरीपासून हंगामी नेमणुकीपर्यंत सारे एकत्र मोजलेले असतात. पदाची पायरी चढत जावी तसे महिलांचे प्रमाण कमी होत जाते.

गळती नेमकी कोणत्या वळणावर?

एक साधा हिशेब मांडू. समजा, लातूरजवळच्या गावातली एक मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. वय बावीस-तेवीस. नेट, सेट किंवा विद्यापीठाची पेट परीक्षा, मग मार्गदर्शक मिळणे, आरआरसीसमोर विषय मंजूर होणे यात एक-दोन वर्षे जातात. पंचविसाव्या वर्षी काम सुरू झाले, तर प्रबंध सादर होईपर्यंत तिशी येते. त्यानंतर पोस्टडॉक, प्रकल्पावरची तात्पुरती नेमणूक किंवा तासिका तत्त्वावरचे अध्यापन. कायम पद मिळाले तर ते पस्तिशीच्या आसपास.

लग्न, बाळंतपण, मुलांचे पहिले काही महिने, सासू-सासऱ्यांचे आजारपण हे सारे याच दहा वर्षांत येते. संशोधनाच्या दृष्टीनेही हीच दहा वर्षे निर्णायक असतात. पहिले शोधनिबंध, पहिली परिषद, पहिला स्वतःचा प्रकल्प याच काळात होतो. पुरुष संशोधकाच्या आयुष्यातही लग्न आणि मूल येतेच, पण त्यामुळे प्रयोगशाळेतले त्याचे तास सहसा कमी होत नाहीत.

अर्थशास्त्राचे २०२३ चे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशेहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासून हेच दाखवले. आजच्या काळात स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी मुख्यतः पहिल्या अपत्यानंतर रुंदावते. शिक्षण सारखे, नोकरी सारखी, तरी वाटा तिथे वेगळ्या होतात.

नियम काय देतात?

पुष्कळ देतात, हे आधी सांगितले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत महिलांसाठी तीन महत्त्वाच्या तरतुदी आहेत.

पहिली, मुदतीची. पीएच.डी.साठी कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत मुभा. ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांनाही ही सवलत आहे. दुसरी, रजेची. पीएच.डी.च्या संपूर्ण काळात प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. तिसरी तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागले, तर संशोधक महिलेला आपले संशोधन आणि त्याची माहिती दुसऱ्या संस्थेत नेता येते. अट एवढीच की काम मूळ संस्थेने निधी मिळवलेल्या प्रकल्पाचा भाग नसावे आणि श्रेय मूळ संस्थेला व मार्गदर्शकाला दिले जावे.

नोकरीत असलेल्यांसाठी २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्यावर विद्यार्थिनी आणि संशोधकांनाही स्पष्ट संरक्षण देणारी आयोगाची २०१५ ची वेगळी नियमावली आहे.

मग अडते कुठे?

कागद आणि कॉरिडॉर यांच्या मधल्या जागेत.

रजेचेच पाहा. २४० दिवसांची रजा म्हणजे मुदतीतली सूट. ज्यांना नियमित फेलोशिप आहे, त्यांचा खर्च कसाबसा भागतो. कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि वरिष्ठ ४२ हजार झाली. पण पीएच.डी. करणाऱ्या सगळ्यांना ती मिळत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी राज्यातल्या संशोधकांना आझाद मैदानापर्यंत जाऊन आंदोलन करावे लागले, हे फार जुने नाही. स्वतःच्या खर्चाने संशोधन करणाऱ्या मुलीसाठी रजा म्हणजे केवळ तारीख पुढे जाणे. घरच्यांनी ‘आता पुरे’ म्हणायला तेवढे निमित्त पुरते.

दुसरी अडचण मार्गदर्शकाची. आपल्याकडे पीएच.डी. म्हणजे एका व्यक्तीवरचे अवलंबित्व. सहामाही प्रगती अहवालावर सही त्याची, शोधनिबंध कुठे पाठवायचा हे ठरवणे त्याचे, पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्र त्याचे. मार्गदर्शक समंजस असेल तर रजा, वेळ, गाव बदलणे सगळे निभावते. नसेल तर नियमावली हातात असूनही विद्यार्थिनी ती पुढे करीत नाही. ‘लग्न करणार असाल तर आधीच सांगा’ हा प्रश्न कुठल्याही नियमात नाही. तो मुलाखतीच्या खोलीत मात्र अनेकींनी ऐकलेला असतो.

तिसरी अडचण तासिका तत्त्वाची. राज्यातल्या महाविद्यालयांत कायम पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि वर्ग तासिकेवर काम करणारे चालवतात. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. अशा नेमणुकीत बाळंतपणाची रजा म्हणजे त्या सत्रापुरती बेकारी, आणि पुढच्या सत्रात नाव यादीत असेलच याची खात्री नाही. वास्तविक न्यायालयांची भूमिका याबाबत स्पष्ट होत गेली आहे. रोजंदारीवरच्या महिला कामगारांनाही प्रसूती लाभ द्यावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात म्हटले. कंत्राटाची मुदत संपली म्हणून सुरू असलेला प्रसूती लाभ तोडता येत नाही, हे ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सांगितले. शिक्षण संस्थांनी यातला बोध घ्यायला प्रत्येक तासिका अध्यापिकेने न्यायालयात जावे, अशी अपेक्षा आहे काय?

चौथी अडचण सुरक्षिततेची. २०१५ च्या नियमावलीनुसार अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला अध्यापक, विद्यापीठात प्राध्यापक दर्जाची, हवी. निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आलेले हवेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख अशा प्रशासकीय पदांवरच्या व्यक्तींनी समितीत असू नये. चौकशी ९० दिवसांत संपावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चौकशी सुरू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते. संशोधक मुलीच्या दृष्टीने या एका वाक्याचे मोल फार आहे, कारण तिची पदवीच त्याच्या हातात असू शकते. पण तक्रारीनंतर दुसरा मार्गदर्शक कोण देणार, तीन-चार वर्षांचे काम कुणाच्या नावावर जाणार, याचे उत्तर विद्यापीठाने आधीच लिहून ठेवलेले नसेल, तर ती तक्रार करणारच नाही. तक्रारींची संख्या शून्य असणे हे नेहमीच चांगले लक्षण नसते.

हा ‘घरचा प्रश्न’ नाही का?

काही अंशी आहे. घरातली कामे कुणी करायची, हे विद्यापीठ ठरवू शकत नाही. पण सगळा दोष घरावर टाकून संस्था मोकळी होऊ शकत नाही, हे जगात दोनदा फार ठोसपणे सिद्ध झाले आहे.

पहिले उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटीचे. जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांना १९९० च्या दशकात प्रयोगासाठी थोडी जास्त जागा हवी होती. ती मिळेना. आपल्याला पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी जागा आहे असे त्या सांगत, पण कुणी मानत नव्हते. शेवटी त्यांनी मोजपट्टी घेतली आणि प्रयोगशाळा मोजल्या. त्यानंतर इतर महिला प्राध्यापकांशी बोलणे झाले, तेव्हा कळले की प्रत्येकीला ही आपली एकटीची अडचण वाटत होती. विज्ञान शाखेत त्या वेळी कायम महिला प्राध्यापक होत्या अवघ्या १५ आणि पुरुष जवळपास दोनशे. समिती नेमली गेली. १९९९ मध्ये एमआयटीने जागा, पगार, जबाबदारीची पदे यांत महिलांना कमी मिळत होते, हे जाहीरपणे मान्य केले. एका नामांकित संस्थेने स्वतःची चूक आकड्यांसह कबूल केली, म्हणून त्या अहवालाचा परिणाम जगभर झाला.

दुसरे उदाहरण स्वीडनचे. १९९५ च्या सुमारास क्रिस्टीन वेनेरास आणि अग्नेस वोल्ड या दोन संशोधकांना तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पोस्टडॉक फेलोशिपसाठी अर्जदारांना दिलेले गुण पाहायचे होते. परिषदेने नकार दिला. त्या न्यायालयात गेल्या. स्वीडनच्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्यामुळे कागद मिळाले. ११४ अर्जदारांपैकी ५२ महिला होत्या, पण वीस फेलोशिपपैकी महिलांना मिळाल्या चार. शोधनिबंधांची संख्या आणि त्यांचा प्रभाव लक्षात घेऊन हिशेब केला तेव्हा दिसले की, पुरुषाइतकेच गुण मिळवायला महिलेला सुमारे अडीचपट काम दाखवावे लागत होते. हा निबंध १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. स्त्री-पुरुष समानतेत जगात अव्वल समजल्या जाणाऱ्या देशातली ही स्थिती होती.

भेदभाव अजूनही होतो, याला पुरावा काय?

इथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगायला हव्यात. २०१२ मध्ये अमेरिकेत १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला गेला. काहींना त्यावर पुरुषाचे नाव, काहींना बाईचे. मजकूर अक्षरशः सारखा होता. पुरुषाच्या नावाचा अर्ज अधिक सक्षम ठरला आणि त्याला देऊ केलेला पगारही अधिक होता. असे गुण देण्यात महिला प्राध्यापकही मागे नव्हत्या. उलट, २०१५ च्या एका प्रयोगात प्राध्यापकपदासाठी काल्पनिक उमेदवारांची तुलना करायला सांगितले, तेव्हा अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी महिलेला पसंती दिली.

मग खरे काय? कदाचित दोन्ही, विषय, पद, देश आणि काळ यांनुसार चित्र बदलते. म्हणूनच ‘भेदभाव होतो की नाही’ या सर्वसाधारण वादात विद्यापीठाने वेळ घालवू नये. स्वतःच्या आवारात काय होते, एवढेच मोजावे. किती मुलींनी नोंदणी केली, किती सोडून गेल्या, कोणत्या वर्षी गेल्या, कोणत्या विभागातून गेल्या? ही माहिती विद्यापीठाच्याच कपाटात असते. ती एकत्र करून कुणी पाहत नाही, एवढेच.

सरकारी योजना आहेत ना?

आहेत, आणि काहींनी खरेच अनेक महिलांना परत आणले आहे. संसारामुळे काम सुटलेल्या महिला शास्त्रज्ञांना पुन्हा संशोधनात येता यावे, म्हणून विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये योजना सुरू केली. पुढे ती ‘किरण’ आणि आता ‘वाइज-किरण’ नावाने चालते. त्यात पीएच.डी., पोस्टडॉक आणि बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण असे वेगवेगळे मार्ग आहेत. महिला विद्यापीठांतल्या प्रयोगशाळा सुधारण्यासाठी २००९ पासून ‘क्युरी’, जैवतंत्रज्ञानात ‘बायोकेअर’, एकुलत्या एका मुलीला पीएच.डी.साठी सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची फेलोशिप अशी यादी मोठी आहे.

मात्र या बहुतेक योजना महिलेला मदत करतात. संस्थेला बदलायला सांगत नाहीत. बाहेर पडलेल्या बाईला परत आणणे चांगलेच, पण ती बाहेर का पडली हा प्रश्न संस्थेला विचारला जात नाही. तो विचारणारा प्रयत्न म्हणजे ‘गती’. २८ फेब्रुवारी २०२० च्या विज्ञान दिनी जाहीर झालेल्या या उपक्रमात तीस संस्थांनी प्रायोगिक टप्प्यात स्वतःची तपासणी करायची होती. त्याचे मूळ ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या ‘अथीना स्वान’मध्ये आहे. तिथे विद्यापीठ आपली आकडेवारी मांडते, उणिवा मान्य करते, सुधारणेचा आराखडा देते आणि त्यानुसार कांस्य, रौप्य, सुवर्ण दर्जा मिळतो. २०११ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या मोठ्या निधीसाठी रौप्य दर्जाची अट घातली गेली, तेव्हा विभाग धावत कामाला लागले. पुढे २०२० मध्ये कागदपत्रांचा बोजा फार होतो म्हणून ती अट निघाली. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पैसा जोडला की संस्था हलतात. आणि फॉर्म भरणे हेच काम होऊन बसले की मूळ हेतू हरवतो.

हा दुसरा धोका आपल्याला नीट ठाऊक आहे. नॅकच्या मूल्यमापनात लिंगभाव समानतेसाठी काय केले, याचा रकाना आहे. त्यासाठी आठ मार्चच्या कार्यक्रमाचे फोटो, एका व्याख्यानाचे हजेरीपत्रक आणि ‘गर्ल्स कॉमन रूम’ची पाटी फाइलला लावली जाते. एनआयआरएफ क्रमवारीत विद्यार्थिनींचे प्रमाण ५० टक्के धरले आहे, पण महिला अध्यापकांचे २० टक्के झाले तरी पूर्ण गुण मिळतात. पट्टीच इतकी खाली ठेवली, तर उडी मारायचे कष्ट कोण घेईल?

सवलतींमुळे गुणवत्ता घसरत नाही का?

हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर उघडपणे द्यावे. वेळेची सवलत म्हणजे प्रबंधाच्या दर्जाची सवलत नव्हे. परीक्षक तेच, मौखिक परीक्षा तीच. युरोपीय संशोधन परिषद तरुण संशोधकांच्या अनुदानासाठी पीएच.डी.नंतरची वर्षे मोजताना आईला दर अपत्यामागे १८ महिन्यांची सूट देत आली आहे. म्हणून ते अनुदान सोपे झाले, असे कुणी म्हणत नाही.

आयआयटींचा अनुभवही बोलका आहे. २०१८ पासून बी.टेक.मध्ये मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या गेल्या. मुलांच्या जागा कमी केल्या नाहीत. आधी दहा टक्क्यांच्याही खाली असलेले मुलींचे प्रमाण काही वर्षांत वीस टक्क्यांपर्यंत आले. ‘मुलींना अभियांत्रिकीची आवड नसते’ हे जुने कारण एका प्रशासकीय निर्णयाने खोटे ठरवले.

पण प्रत्येक चांगला हेतू चांगला परिणाम देतोच असे नाही, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेतल्या आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांनी अपत्य झाल्यावर कायम पदाच्या मुदतीत वाढ आई-बाप दोघांनाही सरसकट दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, त्यामुळे त्याच संस्थेत कायम होणाऱ्या पुरुषांचे प्रमाण वाढले आणि महिलांचे घटले. बापांना मिळालेला जादा वेळ बहुधा शोधनिबंधांत गेला, आयांचा बाळात. बापाला रजा देऊ नये, असा याचा अर्थ नाही. उलट, ती द्यावी आणि त्याने ती बाळासाठीच वापरावी. मात्र धोरण आखून मोकळे न होता दोन-तीन वर्षांनी त्याचा परिणाम तपासावा लागतो.

विद्यापीठांनी उद्यापासून काय करावे?

खालील सहा गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. बहुतेकांना फारसा पैसाही लागत नाही.

एक, दरवर्षी एक पान प्रसिद्ध करावे. विभागवार पीएच.डी. नोंदणी, प्रबंध सादर केलेल्या, सोडून गेलेल्या, नेमणुका, पदोन्नती आणि अंतर्गत संशोधन निधी यांची स्त्री-पुरुष आकडेवारी. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सार्वजनिक संस्थांना माहिती स्वतःहून जाहीर करायला सांगतेच. स्वीडनसारखे कुणाला न्यायालयात जायला लावू नये.

दोन, २४० दिवसांच्या रजेचा अर्ज मार्गदर्शकाच्या मर्जीवर न ठेवता थेट पीएच.डी. विभागाकडे करण्याची सोय असावी. रजा, मुदतवाढ आणि संस्था बदलण्याच्या तरतुदींची मराठीतली एक पानी माहिती नोंदणीच्या दिवशीच प्रत्येकीच्या हाती द्यावी.

तीन, ज्यांना फेलोशिप नाही, अशा संशोधक महिलांसाठी प्रसूती काळात निर्वाह भत्त्याचा छोटा निधी उभारावा. तासिका तत्त्वावरच्या अध्यापिकांना प्रसूती लाभ द्यावा आणि परत येण्याचा हक्क लिखित करावा.

चार, प्रत्येक संशोधकाला एक सह-मार्गदर्शक किंवा तीन जणांची समिती असावी, म्हणजे एका माणसावरचे अवलंबित्व कमी होईल. तक्रार झाल्यास मार्गदर्शक कसा बदलेल आणि कामाचे श्रेय कसे टिकेल, हे आधीच लिहून ठेवावे.

पाच, पाळणाघर, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या प्रयोगांनंतर हॉस्टेलपर्यंत वाहन, प्रयोगशाळेच्याच मजल्यावर स्वच्छतागृह. या गोष्टी फार लहान वाटतात. पण स्वच्छतागृहासाठी दोन इमारती ओलांडाव्या लागणाऱ्या मुलीला तसे विचारून पाहावे.

सहा, निवड समित्या, आरआरसी आणि निधी समित्यांत महिला सदस्य केवळ नियमापुरत्या नसाव्यात. मात्र मोजक्याच महिला प्राध्यापक असतील तर त्याच चौघी सगळ्या समित्यांत अडकतात आणि त्यांचेच संशोधन मागे पडते. त्यामुळे समितीच्या कामाचे तास मोजून तेवढा अध्यापनाचा भार कमी करावा.

दार उघडे, पण खोली कुणाची?

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. दुर्गा भागवतांच्या या धाकट्या बहिणीने सत्याग्रह केला, तेव्हा प्रवेश मिळाला. पण एक वर्ष परीक्षेवर आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होणार नाही, अशा अटींवर. पुढे त्यांनी केंब्रिजमध्ये १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोहोचल्या, आणि रामन यांनीही त्यांच्यानंतर मुलींना प्रवेश देणे सुरू केले.

आज कोणतेही विद्यापीठ बाई म्हणून प्रवेश नाकारत नाही. अटी मात्र पूर्ण गेलेल्या नाहीत. त्या लिहिलेल्या नसतात, इतकाच फरक. लग्नाचा प्रश्न, रजेवरचा सुस्कारा, ‘एवढ्या उशिरापर्यंत थांबणे जमेल ना?’ ही चौकशी, सत्र संपताच संपणारी नेमणूक या त्या अटी. सोहोनींना एकदाच सत्याग्रह करावा लागला आणि तो कुणासमोर करायचा, हे त्यांना ठाऊक होते. आजच्या संशोधक मुलीला रोज थोडा थोडा करावा लागतो आणि समोर कुणी एक माणूस नसतो.

म्हणून पुढच्या पदवीदान समारंभात ‘मुलींचीच बाजी’ असे अभिमानाने सांगताना कुलगुरूंनी आणखी एक आकडा वाचून दाखवावा. पाच वर्षांपूर्वी याच मंडपात पदके घेतलेल्या मुलींपैकी किती जणी आज संशोधनात आहेत? तो आकडा ठाऊक नसेल, तर शोधायला सुरुवात तिथूनच करावी.